कुठला खोकला, ते आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत खोकल्यावरच्या घरगुती उपायांचा एक चौकोन आला होता. आलं, मध, तुळस, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात "तरीही न थांबल्यास डॉक्टरांना दाखवा". त्यात चुकीचं काही नव्हतं बरं का, ज्येष्ठमधाची काडी मी पण चघळते. पण 'तरीही' म्हणजे कधी आणि मुळात खोकला कुठला, हे काय त्यात नव्हतं, आणि आमच्याकडं सगळा घोळ तिथंच होतो म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, कापायचं तर कापा, पण गोळ्यांचा आणि कामधंद्याचा भाग तेवढा ठेवा.

मी फार्मासिस्ट आहे, रंकाळ्याच्या बाजूला आमचं छोटं मेडिकल आहे. थंडी सुरू झाली की दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "वैनी, खोकल्याची एक बाटली द्या की." कोणाला पाहिजे, किती दिवस झाले, कोरडा आहे की बेडका पडतोय, असं विचारलं की माणसं वैतागतात. एका मामांनी तर सरळ सुनावलं, "बाटलीच मागतोय न्हवं, पोलीस चौकशी कशाला लावलीया!" हसायला आलं, पण त्या चौकशीशिवाय बाटली देणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे.

खोकला होतो कसा ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घशात, श्वासनळीत, तिच्या फांद्यांत बारीक नसांची टोकं असतात. त्यांना धूर, धूळ, कफ, आंबट पाणी काहीही टोचलं की निरोप मेंदूच्या खालच्या भागात जातो, तिथून हुकूम सुटतो, माणूस हवा आत ओढतो, स्वरयंत्राचं दार गच्च बंद होतं, छातीपोटाचे स्नायू आवळतात आणि दार एकदम उघडून हवा जोरात बाहेर फेकली जाते. हे निरोप नेणारी मुख्य नस म्हणजे व्हेगस. ही नस फक्त फुफ्फुसात नाही, अन्ननळीत आणि जठरातही जाते, तिची एक छोटी फांदी चक्क कानाच्या नळीत आहे. कानात काडी घातल्यावर काहीजणांना ठसका लागतो तो त्यामुळंच, आणि कानात मळ घट्ट बसल्यामुळं खोकणारी माणसंही असतात, कमी, पण असतात. म्हणजे खोकला छातीतनं ऐकू येतो म्हणून कारण छातीतच असेल असं नाही. हे एवढं डोक्यात ठेवलं तरी बाटलीवरचा विश्वास निम्मा कमी होतो.

आता दिवसांचं बघू. मोठ्या माणसांत ३ आठवड्यांच्या आतला खोकला अचानक आलेला धरतात, ८ आठवड्यांच्या वर गेला की जुनाट, आणि मधला तो मधला. लहान मुलांत ४ आठवड्यांनाच जुनाट म्हणतात. सर्दीपडशाचा जो साधा व्हायरल खोकला असतो तो किती दिवस टिकतो यावर बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१३ साली हिशेब मांडला गेला, तर सरासरी जवळजवळ १८ दिवस निघाली. आणि लोकांना विचारलं तर त्यांना वाटतं आठवड्यात बरा व्हायला पाहिजे. या फरकातच आमचा आणि डॉक्टरांचा धंदा चालतो हो, खरं सांगायचं तर! पाचव्या दिवशी पहिला डॉक्टर, दहाव्या दिवशी दुसरा, पंधराव्या दिवशी तिसरा, आणि तोवर खोकला आपोआप उतरणीला लागलेला असतो, मग गुण तिसऱ्याचा येतो. मधल्यामधे दोन वेळा अँटिबायोटिक पोटात गेलेलं असतं, जे व्हायरसवर चालतच नाही. "पण वैनी, बेडका हिरवा पडतोय" म्हणतात. तर हिरवा-पिवळा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका द्रव्यानं येतो, व्हायरल सर्दीतही येतो, नुसत्या रंगावरनं बॅक्टेरिया ठरत नाही. ताप परत चढला, धाप लागली, श्वास घेताना एका बाजूला टोचायला लागलं तर गोष्ट वेगळी, तो न्यूमोनिया असू शकतो, तेव्हा रंगाबिंगाचा विचार न करता उठून जायचं.

सर्दी गेली आणि खोकला राहिला असं पण खूप होतं. आतलं अस्तर सोललेलं असतं, नसा चिडक्या झालेल्या असतात, मग पंख्याचा वारा, मोठ्यानं हसणं, फोनवर जरा जास्त बोलणं, एवढ्यावरनं ढास लागते. ताप नाही, वजन कमी नाही, भूक नीट आहे, तर हा हळूहळू जातो. मध, कोमट पाणी, गुळण्या याच खोकल्यासाठी आहेत, म्हणजे तुमचा चौकोन या एका खोकल्यापुरता बरोबर होता.

पण आपल्या देशात एक नियम आहे तो मात्र तुमच्या चौकोनात पहिल्या ओळीत यायला पाहिजे होता, की खोकला २ आठवडे किंवा जास्त राहिला तर टीबीची तपासणी करायची. आता कोणी म्हणेल, साधा खोकलाच १८ दिवस चालतो म्हणता आणि २ आठवड्यांत टीबीला पळा म्हणता, हे कसं? तर ते असं, की सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट आहे, जीव जाणारी नाही, दहाजणांची रिकामी निघाली तरी बिघडत नाही, पण एकाची राहून गेली तर तो घरात, एसटीत, तालमीत, वर्गात वाटत फिरतो. टीबीला रक्तच पडायला पाहिजे असंही नाही, संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घाम, कपडे सैल व्हायला लागणं, जेवण नकोसं, एवढंच असतं कधीकधी. आणि बेडका म्हणजे बेडका द्यायचा, तोंडातली थुंकी नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतनं खोकून काढलेला. बायका लाजतात, डबीत नुसती लाळ देऊन येतात आणि "रिपोर्टमधे काय नाही" म्हणून निवांत बसतात. सीबीनॅट नावाचं जे मशीन आहे ते साधारण दोन तासात सांगतं की जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का. रॉबर्ट कॉकनं २४ मार्च १८८२ ला हा जंतू जाहीर केला, आज त्याच्यावर साधारण ६ महिन्यांचा पक्का इलाज आहे, गोळ्या फुकट आहेत, वर निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. तरी माणसं लपवतात. जुन्या लोकांना टीबी म्हटलं की मिरजेजवळचं वानलेसवाडीचं हॉस्पिटल आठवतं, तिथं गेला तो गेला असं वाटायचं त्यांना, आणि आजच्या लोकांना मुलीचं लग्न आठवतं. औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत माणूस दुसऱ्याला द्यायचा सहसा थांबतो, लपवलेला मात्र थांबत नाही.

आता गोळ्यांचा मुद्दा. आमच्याकडं एक मावशी दर पंधरवड्याला खोकल्याची बाटली न्यायच्या. कोरडा खोकला, घशात कुसळ अडकल्यासारखं होतं म्हणायच्या, एक्सरे झाला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. आणि त्याच बिलावर दर महिन्याला बीपीची गोळी असायची, रामिप्रिल. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं त्या जातीच्या गोळ्यांनी काही लोकांना असाच कोरडा टोचरा खोकला होतो, बायकांना जास्त. गोळीमुळं ब्रॅडिकायनिन नावाचं एक द्रव्य शरीरात साठतं आणि ते नसांना चिडवत राहतं असं मानतात. लगेच सुरू होईल असं नाही, गोळी सुरू करून काही आठवडे काही महिने गेल्यावरही होतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, दोन गोष्टींचा संबंधच लागत नाही. मावशींना चिठ्ठीवर गोळीच्या नावाभोवती गोल करून दिला आणि डॉक्टरांकडं पाठवलं, त्यांनी गोळी बदलून 'सार्टन'वाली दिली, महिन्याभरात खोकला बंद. बाटलीचं एक गिऱ्हाईक गेलं, जाऊ दे. पण हे वाचून कोणी आपल्या मनानं बीपीची गोळी बंद करू नका हां! बीपी चढून लकवा मारला तर खोकला बरा होता म्हणायची वेळ येईल. डॉक्टरांना फक्त विचारायचं, "ही प्रिलवाली आहे का, मला खोकला आहे."

एक्सरे नॉर्मल, सिगरेट-बिडी नाही, प्रिलवाली गोळी नाही, तरी महिनोनमहिने खोकला, तर बहुतेक वेळा तीनातलं एक असतं, कधी दोन एकत्र. एक, नाकाच्या मागनं घशात पाणी उतरणं, अशी माणसं सारखी घसा खाकरत असतात, सकाळी उठल्या उठल्या जास्त. दुसरा दमा. दम्यात धाप आणि शिट्टी वाजायलाच पाहिजे असं लोकांना वाटतं, पण नुसता खोकला हेच लक्षण असलेला दमा असतो, पहाटे तीन-चारला उठवणारा, पळाल्यावर, गार हवेत, हसल्यावर वाढणारा. त्याला पंप दिला की लोक घाबरतात, "पंपाची सवय लागते" म्हणे. अहो, साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४० पट! गोळीनं हात थरथरतात, छाती धडधडते, ती चालते, आणि थेट फुफ्फुसात जाणारा इवलासा डोस नको. हे मी रोज सांगते आणि रोज कोणीतरी म्हणतं "गोळीच द्या."

तिसरं कारण जठरातलं आंबट पाणी वर येणं. इथं आपला कोल्हापूरकर सापडतो. रात्री अकराला तांबडा-पांढरा भरपेट ओरपायचा, वर पान खायचं, आणि साडेअकराला आडवं व्हायचं. मग झोपल्यावर खोकला, सकाळी आवाज बसलेला, आणि छातीत जळजळ नाहीच म्हणून अॅसिडिटी असेल असं कोणाच्या मनात येत नाही. जळजळ न होताही हा खोकला होतो. रश्श्याला मी दोष देत नाही, शिव्या खायची माझी तयारी नाही, जेवण आणि झोप यात दोन-तीन तास सोडा, पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा लावून उंच करा, पोटाचा घेर जरा कमी करा, एवढंच म्हणते.

मिरचीचं पण सांगून टाकते. उन्हाळ्यात चटणीचा सीझन आला की संकेश्वरी, ब्याडगी कांडपाला जाते आणि सगळी गल्ली ठसकते. मिरचीतलं कॅप्सेसिन खोकल्याच्या नसांना इतकं नेमकं टोचतं, की खोकल्यावर संशोधन करणारे लोक माणसाला मुद्दाम कॅप्सेसिनची वाफ देऊन नसा किती चिडक्या आहेत ते मोजतात. म्हणजे कांडपाजवळ ठसका लागणं हा काय आजार नाही, सगळ्यांनाच लागतो. पण घरी आल्यावर दोन तास खोकला थांबत नसेल, छाती आवळून येत असेल, तर मात्र दम्यासाठी दाखवून घ्या.

आता कामधंदा, ज्याच्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. डॉक्टर "काय त्रास" विचारतात, "काय काम करता" हे फार कमी विचारतात, ओपीडीत रांग लागलेली असते, त्यांचं पण बरोबर आहे. आणि आपण होऊन सांगायचं कोणाला सुचत नाही. आपला जिल्हा बघा ना. गुऱ्हाळघरात चुलवाणापुढं बसणारा जळव्या सगळा हंगाम धुरात असतो, काहिलीपाशी गुळव्या वाफेत. साखर कारखान्यात उसाच्या चोथ्याचे, म्हणजे बगॅसचे डोंगर रचलेले असतात. ताज्या बगॅसचं काय वाटत नाही, पण ओलसर राहून आतनं गरम होऊन ज्याला बुरा धरलाय असा जुना ढीग उपसला की त्यातले बुरशीसारखे जंतू आणि धूळ नाकात जाते, आणि काहीजणांना चार-आठ तासांनी, म्हणजे घरी गेल्यावर रात्री, थंडी-ताप, कोरडा खोकला, धाप. याला बगॅसोसिस असं नावच आहे, १९४१ साली अमेरिकेत लुइझियानातल्या ऊसवाल्या भागातनं याचं वर्णन आलं. दोन दिवस घरी राहिलं की बरं वाटतं, माणूस म्हणतो व्हायरल होता, परत कामावर, परत ताप. असं सारखं होत राहिलं तर फुफ्फुस कायमचं कडक होतं. ही इन्फेक्शनची गोष्ट नाही, ॲलर्जीच्या जवळची आहे, म्हणून अँटिबायोटिकनं काही होत नाही, त्या ढिगापासनं लांब राहणं हाच इलाज. पेठेतल्या कबुतरवाल्यांना विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं होतो तो आजार याच्याच जातीतला.

मग आपल्या फौंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचे कारखाने. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, ती जाड असताना काही करत नाही, पण फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करताना), सँड ब्लास्टिंगला (वाळूचा जोरात मारा करताना), जुने साचे फोडताना जी डोळ्याला न दिसणारी बारीक धूळ उडते ती फुफ्फुसात खोल जाऊन बसते आणि परत निघत नाही. सिलिकोसिस. वर्षानुवर्षं काही कळत नाही, मग खोकला, मग जिना चढताना धाप, आणि तोवर झालेलं नुकसान परत भरून येत नाही. वर सिलिकोसिसवाल्याला टीबी व्हायची शक्यता बरीच जास्त असते, म्हणजे 'टीबी निघाला, औषध चालू केलं' एवढ्यावर थांबलं तर मूळ कारण राहूनच जातं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासूनच सिलिकोसिस हा सरकारला कळवायलाच पाहिजे अशा आजारांच्या यादीत आहे. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, रुमालानं फक्त मनाचं समाधान होतं. धूळ ओढणारे पंखे, पाणी मारून काम, आणि नीट बसणारा मास्क, हे मालकानं करायचं आहे.

इचलकरंजीकडच्या लोकांनी पण ऐका. सूतगिरणीत कापूस पिंजतात त्या ब्लो रूम, कार्डिंगच्या खात्यात कापसाच्या धुळीनं एक आजार होतो, बिसिनोसिस, त्याची खूण फार मजेशीर आहे, म्हणजे मजेशीर कसली, सुट्टी घालवून कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, खोकला येतो, आणि आठवडा पुढं जाईल तसं बरं वाटतं. सुरुवातीला असं, पुढं मग रोजच. आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या दिवशीच छाती का भरते असा प्रश्न पडला तर तो हसण्यावारी नेऊ नका. मला वाटतं खोकल्याच्या प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारलाच पाहिजे, "सुट्टीच्या दिवशी, गावाला गेल्यावर, खोकला कमी होतो का?" एक पैसा लागत नाही या तपासणीला.

चुलीपुढं जन्म घालवलेल्या बायकांचं वेगळं काय सांगू. कधी बिडी हातात धरली नाही आणि फुफ्फुसं बिडीवाल्यासारखी झालेली असतात. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. गॅस आलाय घरात, पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. बिडी-सिगरेटवाल्यांना तर सकाळचा खोकला हा आजार वाटतच नाही, "ते आमचं रोजचंच हाय." रोजचं असू दे, पण त्याचा आवाज बदलला, वाढला, रक्ताची रेघ दिसली, आवाज तीन आठवडे घोगरा राहिला, तर त्याच दिवशी छातीचा एक्सरे. आणि शहराच्या हवेचं म्हणाल तर २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला त्याच्या खराब हवेच्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आहेच, खोदलेल्या रस्त्यांवरनं गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

लहान मुलांचं. पाच महिन्याचं बाळ घेऊन आई येते आणि बाटली मागते, तेव्हा मी देत नाही, भांडण झालं तरी देत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपनं वीसच्या वर लेकरं गेली, किडन्या बंद पडून. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, कारखान्यात वापरायचं विषारी द्रव्य, गोडसर लागतं, औषधात चालणाऱ्या द्रव्यांपेक्षा स्वस्त पडतं. हे नवीन नाही, अमेरिकेत १९३७ साली याच विषानं शंभराच्या वर माणसं मेली, आपल्या मुंबईत १९८६ साली जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधनं हेच विष जाऊन १४ पेशंट गेले, चौकशीला लेंटिन आयोग बसला होता, जुन्या वाचकांना आठवेल. छिंदवाड्याच्या वेळी केंद्राच्या आरोग्य खात्यानं परत सांगितलं, २ वर्षांखाली खोकला-सर्दीचं औषध द्यायचंच नाही, ५ वर्षांखाली सहसा नाही. आणि विष नसलं तरी एवढ्या लहान मुलांना या औषधांचा फायदा दिसत नाही, झोप, चिडचिड हे मात्र होतं. १ वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना चमचाभर मध बरा. एकाच्या आत मध पण नाही, बोट बुडवून चाटवणं पण नाही, बॉट्युलिझमचा, म्हणजे एका जंतूच्या विषानं अंग लुळं पडण्याचा धोका असतो.

मुलांच्या खोकल्यात आवाज ऐकायचा. कुत्रं भुंकल्यासारखा, रात्री अचानक सुरू झालेला, ६ महिने ते ३ वर्षांच्या पोरात, तर तो क्रूप, व्हायरसनं स्वरयंत्राजवळ सूज आलेली असते. पोर शांत बसलेलं असताना पण श्वास आत घेताना आवाज येत असेल तर सकाळची वाट बघायची नाही. एकामागं एक ढास, तोंड लालबुंद, शेवटी 'हूप' करून श्वास आत ओढणं आणि उलटी, तर डांग्या खोकला, हा दोन-तीन महिने छळतो. अगदी तान्ह्या बाळाला तेवढा जोरच नसतो, ते हूप करत नाही, श्वासच थांबतो आणि निळं पडतं, म्हणून ६, १०, १४ आठवड्यांची लस वेळेवर द्यायची, नंतर दीड-दोन वर्षांचा आणि ५-६ वर्षांचा बूस्टर पण, तो बूस्टर लोक विसरतात.

आणि शेंगदाणा! खेळता खेळता, हसता हसता पोराला एकदम जोरात ठसका लागला, मग शांत झालं, आईला वाटलं गिळला. आठवड्यानं खोकला, एकाच बाजूला घरघर, न्यूमोनिया म्हणून औषध, बरं वाटलं, परत खोकला. शेंगदाणा एक्सरेत दिसत नाही, दुर्बिणीनं काढावा लागतो. 'आधी ठसका लागला होता' एवढं एक वाक्य सांगितलं की डॉक्टरांच्या डोक्यात लगेच येतं. चार-पाच वर्षांच्या आतल्या पोराला जयसिंगपूरचं भडंग जरूर द्या, त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून आपण खा, फुटाण्यांचंही तेच.

म्हाताऱ्या माणसांत एक बघायचं, आडवं पडलं की खोकला आणि उठून बसलं की बरं, एकाच्या दोन उशा झाल्या, पायाला सूज, तर हे हृदयाचं असू शकतं, फुफ्फुसात पाणी साठत असतं. कफ सिरपच्या नादात दहा दिवस घालवू नका.

बाटलीबद्दल शेवटचं. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच सिरपांत खोकला दाबणारं, कफ सुटायला मदत करणारं, वर झोप आणणारं ॲलर्जीचं, असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. एक म्हणतं खोकू नको, दुसरं म्हणतं कफ काढ, मग करायचं काय त्या माणसानं? बेडका भरपूर सुटत असताना खोकला दाबला तर तो आतच साठतो. कोडीनवाल्या बाटल्यांचा नशेसाठी उपयोग होतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्या चिठ्ठीशिवाय आणि रजिस्टरला नोंद केल्याशिवाय देता येत नाहीत, कोणी रागावलं तरी मी देणार नाही.

तेव्हा संपादक साहेब, विनंती अशी, की त्या चौकोनाच्या जागी पुढच्या रविवारी दुसरा चौकोन छापा. किती दिवस झाले, बेडका पडतो का आणि रक्त आहे का, झोपल्यावर वाढतो की कामावर, सुट्टीत कमी होतो का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, वजन उतरलंय का, पोराला ठसका लागला होता का. माणसानं एवढं कागदावर लिहून दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांची पाच मिनिटं वाचतील. आणि तुमच्या बातमीदाराला सीपीआरला, म्हणजे आपल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, आणि महापालिकेच्या दवाखान्यांत पाठवून बेडका कुठल्या खोलीत घेतात, किती वाजेपर्यंत घेतात, डबी कुठं मिळते, एवढं विचारून मोठ्या अक्षरात खाली टाका. ते कात्रण मी काउंटरच्या काचेवर चिकटवते, गिऱ्हाईक बाटली मागायला वाकतं तिथंच.

कळावे,
आपली वाचक,
एक फार्मासिस्ट, कोल्हापूर
(नाव छापू नये, गल्लीत भांडणं नकोत.)